शिपाईमाश्यांच्या बाई

पोरी त्यांना 'माशीबाई' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा पाचवीतल्या एका मुलीच्या तोंडून भर वर्गात "माशीबाई, मला समजलं नाही" असं निघून गेलं. सगळा वर्ग गारठला. बाई फळ्याकडून वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नुसतं माशीबाई कसं चालेल? माश्यांची कुळं शेकड्यानं आहेत. शिपाईमाशीबाई म्हण." आणि पुन्हा फळ्यावर लिहू लागल्या.

मी पुण्याहून अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत नोकरीला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि पुण्याच्या माझ्या नातेवाइकांच्या मते मी जवळजवळ परदेशातच निघाले होते. शाळेच्या आवारात वसतिगृह होतं. मोर्शी, शेंदूरजनाघाट, दर्यापूर अशा गावांच्या एकतीस मुली तिथं राहत, आणि त्यांच्यावर देखरेख करायचं काम माझ्याकडे होतं. बाई माझ्या शेजारच्या खोलीत राहत. त्या सृष्टिज्ञान शिकवत. वय चाळिशीच्या पुढं, उंची बेताची, चालणं भरभर, आणि लुगड्याचा ओचा नेहमी फुगलेला. ओच्यात काड्यापेट्या असत. काड्यापेट्यांत माश्या.

सगळ्या माश्या नव्हेत. घरमाशी, गोमाशी, फळांवरची चिलटं यांच्याकडे त्या ढुंकून पाहत नसत. त्यांचं सगळं आयुष्य एकाच कुळाला वाहिलेलं होतं. त्या कुळाला इंग्रजी पुस्तकात शिपायांच्या माश्या म्हटलेलं होतं आणि बाईंनी त्याचं सरळ 'शिपाईमाश्या' करून टाकलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "चावतात का हो?"

"नाही. डंखही मारत नाहीत."

"मग शिपाई कशाला?"

"पोशाखावरून. अंगावर हिरवे पिवळे पट्टे, नाहीतर तांब्यापितळेसारखी चकाकी. पाठीवर भाल्यासारखे काटे. रुबाब सगळा शिपायाचा, आणि करणं सवरणं काही नाही." जरा थांबून म्हणाल्या, "आपल्या नाक्यावरचा नाही का?"

बाईंच्या बोलण्यात दोन भाषा होत्या. शाळेत त्या छापील पुस्तकासारखं बोलत. पण काही मनापासून सांगायचं असलं, किंवा राग आला, की त्यांची वऱ्हाडी बाहेर पडे. त्यामुळं त्यांनी वऱ्हाडी सुरू केली की मी सावरून बसू लागले.

बाईंना बालपणीच वैधव्य आलेलं. वडील अकोल्याला सरकारी शेतीवर नोकरीला होते. कपाशीवरच्या किडी गोळा करून त्या टाचणीवर लावायच्या, हे त्यांचं काम. घरात बसून राहिलेल्या मुलीच्या हातात त्यांनी एक दिवस भिंग दिलं. पुढं तिला शिकवलंही. "कपाशीच्या किडीले सरकार होतं," बाई म्हणत. "या माश्यांले कोनीच नव्हतं. म्हनून मी घेतल्या."

त्यांच्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास असे. विड्यांच्या रिकाम्या पेट्यांत बुचांचे काप चिकटवून त्यावर ओळीनं माश्या लावलेल्या, आणि प्रत्येकीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत चिठ्ठी: गाव, दिवस, कशावर बसली होती. जुन्या मच्छरदाणीची जाळी आणि वेळूची काठी हे त्यांचं शस्त्र. एखादी माशी धरली की त्या तिला तीन प्रश्न विचारत. हो, तिलाच, आणि मोठ्यानं. "पंखाच्या शिरा कुठं जमल्यात, दाखव." शिपाईमाशीच्या पंखाच्या सगळ्या ठळक शिरा पुढच्या कडेला दाटीनं येतात आणि मधोमध एक चिमुकलं घर राहतं. हे एकदा दिसलं की कूळ ठरलं. मग "शिंगं कशी?" म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका: आखूड, लांब, की टोकाला केसासारख्या बारीक? आणि शेवटी "काटे किती?" पाठीच्या मागच्या टोकाशी कोणाला दोन काटे, कोणाला चार, कोणाला सहा, तर कोणाला एकही नाही. त्यावरून घराणं. पाण्याकाठच्या हिरव्या वेगळ्या, शेणखतावरच्या निळ्या वेगळ्या, झाडाच्या सालीखाली वाढणाऱ्या बारक्या काळ्या आणखी वेगळ्या.

तिन्ही उत्तरं मिळाली नाहीत तर त्या चिठ्ठीवर लिहीत: 'अजून माहीत नाही.' अशा माश्यांची एक आख्खी पेटी होती, आणि त्यांचा जीव सगळ्यांत जास्त त्याच पेटीत होता. मी एकदा म्हटलं, "पण ही तर अगदी त्या हिरवीसारखी दिसते. तेच नाव लिहा की."

"दिसते," त्या म्हणाल्या. "दिसते अन् हाये यात लय अंतर हाये वो. ज्याची पुरी ओळख नाई त्याले नाव देऊ नये."

एका सुटीत त्या मला शेंदूरजनाघाटला घेऊन गेल्या. आमच्या एका विद्यार्थिनीच्या काकांची तिथं संत्र्याची बाग होती. बहार विकत घेतलेले एक शेखसाहेब तोडणीवर उभे होते. शाळेच्या बाई आल्या म्हणून त्यांनी निवडक संत्र्यांची पाटी पुढं केली. बाईंनी ती नम्रपणे बाजूला सारली आणि कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथं सडलेल्या फळांचा ढीग होता. "मला त्यातली पाहिजेत."

शेखसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाईसाब, अच्छे छोडके सडे हुए ले जा रहे?"

बाई तोवर ढिगाशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. अर्ध्या तासानं एक लांबट, पिवळीधमक, बारीक कमरेची माशी फळावर उतरली. शेखसाहेब "गांधील, गांधील!" ओरडत चार पावलं मागं सरले. बाईंनी ती जाळीत घेतली, दोन बोटांत धरली आणि त्यांच्या नाकासमोर नेली. "नकली आहे, साहेब. पंख मोजा. गांधिलीला चार, हिला दोन. भीती वाटावी म्हणून तसा वेष केलाय." परत येताना मांडीवर सडक्या संत्र्यांचं गाठोडं होतं आणि सगळी मोटार नाकाला पदर लावून बसली होती. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढं कितीतरी वर्षांनी, त्या निवृत्त होऊन अकोल्याला भावाकडे राहू लागल्यावर, मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी ती 'अजून माहीत नाही'ची पेटी काढली. तीन माश्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या, बाकीच्या तशाच. "तीस वर्षांत तीन," त्या म्हणाल्या, आणि इतक्या समाधानानं हसल्या की मला आपल्या सगळ्या घाईची लाज वाटली.

पण मी त्यांच्याविषयी लिहायला बसले ते हौदामुळं.

माझं अमरावतीतलं दुसरं वर्ष. दिवाळीची सुटी महिन्यावर आली होती. एका सोमवारी सकाळी वसतिगृहातल्या नऊ मुलींना एकदम उलट्या आणि जुलाब सुरू झाले. 'पटकी', म्हणजे कॉलरा, हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या डोळ्यांत होता. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. दवाखान्यातले कंपाउंडर आले, औषध दिलं आणि पिण्याच्या पाण्याच्या हौदात डोकावले. पाण्यावर बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, चपट्या अळ्या तरंगत होत्या.

"ही घाणीतली अळी," ते म्हणाले. "कुणीतरी डबक्यातलं पाणी आणून ओतलंय."

हौद भरायचं काम सरूआजी करत असे. ती वलगावच्या माळ्याची विधवा. विहीर आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि ती पहाटेपासून घागरी वाहत असे. भाजीच्या वाफ्यांशेजारी पावसाच्या पाण्याचं एक डबकं होतं, ते हौदाच्या जवळ. सगळ्यांनी एकदमच ताडलं: म्हातारी थकली, तिनं जवळचं पाणी ओतलं.

हेडबाईंनी मला लेखी अहवाल मागितला. मी घाबरले होते. नऊ मुली माझ्या देखरेखीत आजारी पडल्या होत्या. 'पाणी भरणाऱ्या बाईने डबक्याचे पाणी आणल्याचा दाट संशय आहे,' असं मी लिहिलं. तिला डबक्याशी मी कधी पाहिलं नव्हतं. अहवालावर दुसरी सही बाईंची लागत होती. त्यांनी कागद वाचला आणि मला परत दिला.

"अळी कोनती हाये?"

"घाणीतली."

"हे नाव नाई. हे शिवी हाये. मी सही करत नाई."

सरूआजीला त्याच दिवशी काढून टाकलं. घागर पालथी घालून तिनं भिंतीशी ठेवली आणि गेली. हौदाचं पाणी बंद झालं आणि गडी विहिरीवरून रोज पिंपं भरू लागला. मुली दोन दिवसांत उठून बसल्या, पण खेड्यांतून वडील मंडळी गाड्या घेऊन येऊ लागली. शाळेच्या कमिटीची सभा महिनाअखेरीला होती, आणि वसतिगृह बंद करायचा विषय त्या सभेपुढं येणार होता. बंद झालं तर या मुली घरी जाणार, आणि घरी गेल्या की वर्षभरात त्यांची लग्नं लागणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

बाईंनी हौदातल्या चार अळ्या काढून काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. बरणीत हौदाचंच पाणी, शेवाळ, आणि एका बाजूला ओल्या वाळूचा उतार. मला बोलावून त्यांनी भिंग हातात दिलं. अळीच्या शेपटीच्या टोकाला बारीक पिसांसारख्या केसांचं फूल होतं. ते पाण्यावर पसरून ती श्वास घेत होती. मी बरणीला टिचकी मारली तशी तिनं केस मिटले आणि मिटलेल्या केसांत हवेचा चांदीसारखा मणी घेऊन ती खाली गेली.

"शिपाईमाशीची?" मी विचारलं.

"वाटते. पण माशी निघाल्याशिवाय मी बोलनार नाई."

त्या बोलल्या नाहीत, पण स्वस्थही बसल्या नाहीत. माश्यांची घराणी लावावीत तशा त्यांनी एकतीस मुली दोन रांगांत लावल्या, आजारी पडलेल्या आणि न पडलेल्या. पाणी सगळ्यांनी तेच प्यालेलं, जेवण तेच. मग नऊच का? नऊ जणींत असं काय होतं, जे बावीस जणींत नव्हतं? दोन दिवस त्यांनी मुलींच्या सृष्टिज्ञानाच्या वह्या धुंडाळल्या. अखेर त्यांना आढळलं की रविवारी वडाळी तलावाकडे फिरायला गेलेल्यांत त्या नऊजणींच्याच वह्यांत वाटेतल्या कुंपणाची चित्रं होती, म्हणजे त्या तिथं मागं रेंगाळल्या होत्या.

मोर्शीच्या शेवंताला त्यांनी सृष्टिज्ञानाची वही घेऊन बोलावलं. मी तिथंच होते. त्या दिवशी पाहिलेल्या झाडांची चित्रं वहीत काढायची होती. शेवंतानं कुंपणावरच्या चंद्रज्योतीची फांदी काढली होती, तिचं हिरवं फळ काढलं होतं, आणि शेजारी फोडलेलं काळं बी.

"चित्र सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "बी फोडल्यावर आत पांढरं दाखवलंस. बरोबर आहे. कसं असतं ते आत?"

"शेंगदान्यावानी असते बाई," शेवंता खुलून म्हणाली. "गोड लाग..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

चंद्रज्योतीचं बी चवीला गोड आणि पोटाला जहर. नऊजणींनी मूठ मूठ खाल्लं होतं, आणि रांग सोडल्याबद्दल शिक्षा होईल म्हणून एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. शेवंता रडायला लागली. बाईंनी तिचे डोळे पदरानं पुसले आणि म्हणाल्या, "रडू नको माय. तू लय मोठं काम केलं. पन पुन्हा खाशीन तं मीच मारीन."

पटकी नव्हती! ही बातमी शाळेत अशी पसरली की स्वयंपाकघरातल्या बाया बाहेर येऊन हसू लागल्या. डॉक्टर दौऱ्याहून परतले होते, त्यांनीही ते मान्य केलं. ज्या वडलांनी मुली नेल्या होत्या त्यांना कार्डं गेली. वसतिगृह वाचलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"सरूले कधी बोलावता?" बाईंनी हेडबाईंना विचारलं.

"आजार बियांनी झाला हे खरं," हेडबाई म्हणाल्या. "पण पाण्यात अळ्या होत्या, हेही खरंच की. त्या तिनंच आणल्या. अशा बाईला परत कसं घेऊ?"

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी खाली पाहिलं.

बरणीतल्या अळ्या तोवर वाळूच्या कडेला येऊन पडल्या होत्या आणि हलेनाशा झाल्या होत्या. मी म्हटलं, "मेल्या." बाई म्हणाल्या, "नाही. बाकीच्या माश्यांच्या अळ्या रूप पालटतात. ही आपल्या कातड्यातच राहते. वरून काही कळत नाही. थांबायचं." आम्ही थांबलो. रोज शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या खोलीत डोकावत असे. चार काड्या पडाव्यात तशा त्या चार अळ्या. एका वाळक्या काडीवर एका म्हातारीची भाकरी अवलंबून आहे, हा विचार मला शिकवतानाही सोडत नसे.

अठराव्या की एकोणिसाव्या सकाळी बाईंनी भिंतीवर थाप मारली. मी धावत गेले. एका कातडीचं पुढचं टोक झाकण उघडावं तसं फाटलं होतं आणि बरणीच्या जाळीवर एक माशी पंख सुकवत होती. पोट कोवळ्या लिंबाच्या रंगाचं, मधून काळा पट्टा. बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. "तूच विचार."

मी विचारलं. शिरा पुढच्या कडेला. मधे चिमुकलं घर. पाठीच्या टोकाला काटे दोन.

"पाण्याकाठची हिरवी शिपाईमाशी," मी म्हणाले.

"हाव. आता ऐक. ही घाणीतली नोहे. हिची अळी शेवाळ खाते. कोनाले काही करत नाई. माय अंडे देते पाण्यावर लटकलेल्या पानाले. तिथून अळी पाण्यात पडते. अन् एवढी मोठी व्हायले तिले कितीतरी हप्ते लागते." इथं त्या थांबल्या आणि भिंग पुसत बसल्या.

पुढचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी तशीच हौदाकडे गेले. वाटेतल्या डबक्यावर एकही पान झुकलेलं नव्हतं. झाकणाची एक फळी मोडलेली होती. त्या फटीशी, हौदाच्या भिंतीत, पिंपळाचं रोप उगवलं होतं. हातभर वाढून त्याची पानं पाण्यावर ओणवली होती. तळाला आणि कडांना शेवाळ. दर पंधरा दिवसांनी हौद उपसून घासून घ्यायचा, झाकण पाहायचं, हे काम माझं होतं. पावसाळा लागल्यापासून मी ते एकदाही केलं नव्हतं. त्या अळ्या कोणत्याही घागरीतून आल्या नव्हत्या. त्या हौदातच जन्मल्या होत्या, माझ्या देखरेखीखाली.

परत येऊन मी बाईंना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्या दिवशी. पिंपय दिसला तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"अंदाज होता. तू लिवला तो बी अंदाजच होता. मंग तुह्यात अन् माह्यात फरक काय राहिला असता?"

मी हेडबाईंकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी माझा अहवाल काढला, माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या, "हा तुम्ही फाडा. आणि सरूला आणायलाही तुम्हीच जा. गडी पाठवू नका." कागद फाडताना मला रडू येईल असं वाटलं होतं. उलट तीन आठवड्यांत पहिल्यांदा छातीवरची धोंड उतरल्यासारखं झालं आणि सपाटून भूक लागली.

निघण्याआधी बाईंच्या खोलीत डोकावले. त्या माशीला टाचणी लावत होत्या. "हिला तरी सोडायची होतीत," मी म्हणाले.

"साक्षीदाराले कोनी सोडते काय?" वर न पाहता त्या म्हणाल्या.

टांग्यानं वलगावला गेले. सरूआजी दिराच्या मळ्यात मेथी उपटत होती. बांधावर उभी राहून मी सगळं सांगितलं. अळी, माशी, पिंपळाचं रोप, आणि मी लिहिलेला कागद. ती जुड्या बांधत राहिली.

"मले ठाव होतं," शेवटी ती म्हणाली. "फयी मोडली तवा मी तुले तीनदा सांगतलं. तू नुसती हाव हाव करे अन् जाये."

ते खरं होतं. ती काहीतरी सांगे, मला तिची बोली अर्धीच कळे, आणि पुन्हा विचारायचं माझ्या जिवावर येई. मी म्हणाले, "आजी, चुकले मी."

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "जेवली काय?"

मी नकारार्थी मान हलवली. बांधावर बसवून तिनं मला ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला. माझं खाऊन झाल्यावर तिनं हात धुतले, लुगडं झटकलं, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि टांग्यात माझ्या शेजारी येऊन बसली.

शाळेत पोचलो तर हौद रिकामा होता आणि बाई आत उतरून, कासोटा घट्ट करून, नारळाच्या शेंडीनं भिंती घासत होत्या. मीही उतरले. फटीतलं रोप मुळासकट काढलं. सुतारानं नवी फळी बसवली. दिवस कलायच्या आत सरूआजीनं विहिरीच्या पहिल्या दोन घागरी ओतल्या. मग तिनं तिसरी आणली, तिच्यातून पेला भरला आणि सगळ्या मुलींच्या देखत माझ्यापुढं धरला.

"पयले तू पे."

मी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि तळापर्यंत प्याले. तोवर मुलींनी आपापले पेले घेऊन माझ्यामागं रांग लावली होती.